विकाऊ घरातली चूल

घागरदऱ्यात रिकामं घर कुणी विकत घेत नसे. भिंती हातभर जाड असोत, माळवदावर नुकतीच पांढरी माती पसरलेली असो, ज्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही त्याला लोक 'थंड घर' म्हणत आणि त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला कचरत. म्हणून बद्रीनाथांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, धंद्याची एक रीत बसवली होती. घर विकायला आलं की आधी आम्ही त्यात राहायला जायचं. मी चूल पेटवायची, अंगण सारवायचं, तुळईला पाळणा बांधायचा. गिऱ्हाईक घाट चढून येई तेव्हा त्याला लांबूनच धूर दिसे, दोरीवर लुगडं वाळताना दिसे. घर नांदतंय अशी त्याची खात्री पटे. सौदा झाला की पाळणा सोडायचा आणि पुढच्या थंड घरात जायचं.

पुरुष गिऱ्हाइकं भिंती ठोकून बघत, विहिरीत खडा टाकून बघत. बायका मात्र सरळ पाळण्याशी येत. आमच्या लेकीचा, मनकर्णाचा गाल चिमटीत धरत, दंडाला हात लावत आणि एकमेकींना म्हणत, "लेकरू बाळसेदार हाय. पानी चांगलं दिसतंय इथलं." खरा भाव तिथं ठरे. मनकर्णा रांगायला लागली होती. तिला सर्दी झाली की हे काळजीत पडत, आणि ती काळजी बापाची की दलालाची, हे मला कळत नसे. मी विचारलंही नाही कधी. विचारण्यासारखं नव्हतं ते.

ह्यांचं धंद्याचं तत्त्वज्ञान मला पाठ झालं होतं. "खालच्या माणसाला वर यायचंय, वरच्याला खाली उतरायचंय. मी आपला घाटाच्या मधे उभा." उमापूर, तलवाड्याकडच्या मातब्बर शेतकऱ्यांकडे काळी जमीन रग्गड, पण पाऊस ओसरला की गोदाकाठाला हिवताप घरोघरी. त्यांना डोंगरावर चार खण हवे असत. डोंगरातल्या पोरांना मुरमाड माळ आणि मेंढरं नकोशी झालेली, त्यांना खाली काळ्या रानात नांगर धरायचा असे. "डोंगरात माती आहे कुठं विकायला?" हे म्हणत. "इथं मी वारा विकतो." तहसिलीत नकलनवीस होते तेव्हा ह्यांनी उर्दू चांगली कमावली होती. सरकारी उर्दू कागद काय म्हणतो ते डोंगरातल्या माणसाला समजावून सांगणारा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे धंदा आपणहून चालत आला.

मी पुण्याला मामांकडे राहून कॉलेजात दोन वर्षं शिकले होते. त्याचा इथं उपयोग एवढाच, की भिण्यासारख्या गोष्टी मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होत्या. नव्या घरात शिरले की मी आधी कोपरे बघे. मग पाण्याचा माठ, मग छताच्या काड्या, मग पुन्हा कोपरे. रात्री पाळण्याची दोरी हाताला गुंडाळून निजे.

त्या साली, म्हणजे १३३० फसलीत, इंग्रजी १९२० साली, दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा हे म्हणाले, "सटवाच्या घरात जायचंय."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. दोन वर्षांमागं गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, सटवाचा भाऊ सुग्रीव आणि त्याची बायको त्याच घरात दगावली होती. तेव्हापासून घराला कुलूप होतं, आणि सटवा स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपडीत राहत होता.

"उमापूरच्या आप्पारावांना मोठं घर हवंय," हे म्हणाले. "त्यांचं एक मूल तापानं गेलं. उरलेल्याला घेऊन वर यायचं म्हणताहेत. वाड्यासारखं घर दुसरं नाही गावात."

"त्या घरात काय झालं ते सांगितलंत त्यांना?"

"विचारलं तर सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"न विचारता सांगतो तो दलाल नव्हे गं. तो शेजारी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा सौदा झाला की झऱ्याजवळचं ते दोन खणी घर आपलं. विकायला नाही. राहायला."

त्या दोन खणी घराकडे मी येता-जाता बघत असे. दाराशी शेवगा, मागं झऱ्याचा ओघळ, कोपरे मोजकेच. ह्यांनी ते हेरलं होतं. माणसाला काय हवंय ते ओळखणं हाच त्यांचा हातखंडा.

सटवाच्या घराचं माळवद उघडून आत ऊन सोडलं होतं, गंधक जाळलं होतं, लिंबाच्या पाल्याचा धूर दिला होता. दोन वर्षं म्हणजे थोडा काळ नव्हे, असं मी स्वतःला बजावलं आणि गेले. पहिल्याच दिवशी सटवा ओसरीवर येऊन बसला, चुलीच्या धुराकडे बघत.

"वहिनी, आमच्या घरात धूर बघून लई बरं वाटलं बघा." डोळे पुसले त्यानं. मग म्हणाला, "पर तुमी असं कोपरं कावून बघता सारखं? साप न्हाई घरात."

"उंदीर आहेत का?"

"आता घर म्हणल्यावर उंदीर आसनारच की. ज्या घरात उंदीर बी न्हाई, त्या घरात मानसाला तरी काय खायाला आसंल?"

हे खदखदून हसले. मीही हसले, पण त्या दिवसापासून धान्याची कणगी भिंतीपासून ओढून मोकळी ठेवली.

आप्पाराव येणार त्या दिवशी हे पहाटेच घाटाखाली गेले, त्यांना वर आणायला. जाताना मला सांगून गेले, "मनूला अंघोळ घाल. काजळ घाल. आणि उपाशी ठेवू नकोस, किरकिरी होते." मी अंघोळ घातली. अंग जरा कोमट लागलं. दात येत होते तिला, त्यामुळे असेल. तरी मी काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या, मान चाचपली. काही नव्हतं. तिला घोंगडीवर बसवून मी केरसुणी आणायला मागच्या खणात गेले, आणि परत येते तो ती घोंगडीवर नव्हती.

ती कणगीच्या दिशेनं रांगत चालली होती, हातातली लाकडी बाहुली जमिनीवर आपटत. कणगीसमोर मोकळ्या जमिनीवर उंदीर पडला होता. बिळाशी नव्हे, भिंतीच्या आडोशाला नव्हे, भर मधोमध, पाय ताणून. मनकर्णा त्याच्यापासून दीड हातावर असेल. तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि हसली.

मी तिला कशी उचलली ते मला आठवत नाही. अंगणात आले तेव्हा ती भोकाड पसरून रडत होती, कारण मी तिला फार आवळून धरलं होतं. तिला बाहेर माच्यावर बसवून, पदरानं माच्याला बांधून मी पुन्हा आत गेले. काडीनं उंदीर उलटा केला. दाताची खूण नाही, रक्त नाही. मांजरीनं मारलेला उंदीर मी पाहिलेला आहे. हा मांजरीचा नव्हता. पण उंदीर म्हातारपणानंही मरत असतील. गंधकाच्या वासानंही मरत असतील. एक उंदीर म्हणजे काही साथ नव्हे. कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं होतं की आधी उंदीर पडतात, मग माणसं. पण ते सांगायला कॉलेज कशाला हवं होतं? घागरदऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. म्हणून तर दोन वर्षांमागं अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं.

अंगणातून घाट दिसे. खाली तिसऱ्या वळणावर एक तट्टू होतं आणि त्यावर हिरवं लुगडं. तट्टाच्या पुढं ह्यांचं पांढरं मुंडासं, मागं एक भारदस्त माणूस. लुगड्याच्या पुढ्यात काहीतरी टोपडं हलत होतं.

चिमटा हाताशी होता. उंदीर उचलून मागच्या दरीत टाकायचा, जागा सारवायची, मनूला पाळण्यात घालायचं. घटकाभराचं काम. संध्याकाळी झऱ्याजवळच्या घरात चूल मांडता आली असती. मी चिमटा उचललाही होता.

तेवढ्यात मेंढरं घेऊन बायनाबाई अंगणासमोरून चालली होती. तिचा नवरा म्हाळू आणि ती, दोघांचा मेंढरांचा वाडा गावाबाहेर माळावर होता. ती मला कालेजबाई म्हणे.

"काय वं कालेजबाई, लेकराला चोरावानी बांधलंय कावून?" मग माझ्या हातातल्या चिमट्याकडे आणि तोंडाकडे बघून ती थांबली. मेंढरं पुढं गेली, तिनं हाकारलंही नाही. "काय घावलं?"

"उंदीर."

"मेलेला?"

मी मान हलवली.

"आता काय करनार?"

"बायनाबाई, मी चूल बाहेर नेते."

तिनं खांद्यावरची काठी खाली घेतली. "रानात चूल पेटली की गाव फुटतं, ठाव हाय न्हवं? धूर बघितला की समदे इचारत्यात कुनाचं घर. मग कोन न्हाई ऱ्हात गावात. तुमच्या मालकाची घरं मातीमोल व्हत्याल. तुमचाच हात लागून."

"ठाऊक आहे."

"आन् तो उंदीर उगंच मेला आसंल तर?"

  मी मनकर्णाकडे बघत होते. तिनं रडणं थांबवून माच्याचा सुंभ तोंडात घातला होता. ज्या हातानं तिनं सुंभ धरला होता तो हात मघाशी जमिनीवर टेकत ती कुठवर गेली होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"खापर देता का?" मी म्हणाले. "विस्तव न्यायला."

तिनं खापर दिलं नाही. स्वतः आत शिरली, चुलीतले निखारे माझ्याच तव्यावर घेतले आणि पुढं चालायला लागली. "कडंला चला. मेंढरांच्या वाटंनं नगा येऊ, पायाशी घोटाळत्यात."

माळावरच्या खैराखाली तीन दगड मांडले. मनूला गरम पाण्यानं पुन्हा धुतलं, अंगावरचे कपडे जाळले, माझी चोळीसुद्धा. बायनाबाईनं स्वतःचं घोंगडं मला पांघरायला दिलं. ओला पाला घातल्यागत दाट धूर वर गेला.

आधी छबुबाई आली. ती आमच्या शेजारची, तोंडाची फटकळ. तिचंही घर विकायला होतं, ह्यांच्याच हाती.

"कुनी सांगितला व्हता ह्यो उद्योग?" ती लांबूनच ओरडली. "पुण्याचं शिकून आमच्या घरादारावर नांगर फिरवायला आलीस व्हय?"

"छबुबाई, उंदीर पडला. मनू त्याच्याजवळ गेली होती."

ती आणखी दोन पावलं पुढं आली आणि मटकन बसली.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परवा माझ्या बी घरात पडला. ढेलजंत, दाराशीच. म्या गुमान दरीत टाकला. घर इकायचंय म्हनल्यावर कोन दावतंय उंदीर?"

बायनाबाईनं तिला एक कचकचीत शिवी दिली. छबुबाईनं ती खाली मान घालून घेतली आणि उठून घराकडे पळाली. थोड्या वेळानं तिची दोन नातवंडं, एक कोंबड्यांची डालगी आणि पाठोपाठ ती, अशी सगळी माळावर आली. तिनं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चूल मांडली. मग आणखी एक धूर. मग मी मोजायचं सोडून दिलं.

तट्टू घाटाच्या माथ्यावर आलं तेव्हा गाव दारं ओढून घेत होतं. आप्पाराव वेशीशी उभे राहिले. धुरांकडे बघून त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"बद्रीनाथ, हे काय बे? ह्यो वारा इकतो व्हय तू?"

हे वेशीतून माझ्याकडे बघत होते.   आप्पारावांची बायको वच्छलाबाई तट्टावरून उतरली नाही. तिनं पोराचं टोपडं पदराखाली ओढून घेतलं आणि थेट मला विचारलं, ओरडून, कारण अंतर बरंच होतं.

"बाई, आमी घ्यायला आलतो त्याच घरात पडला का?"

"त्याच घरात."

तिनं तट्टू वळवलं. आप्पाराव काहीबाही बोलत मागं गेले. तिनं वळून बघितलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

सटवा दिवसभर शिव्या देत हिंडला. "भावाचं घर व्हतं, दोनदा मारलं तुमी!" तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. हे मात्र चढ्या आवाजात एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसले.

"मी यायच्या आत फेकून देता आला असता," ते म्हणाले.

"हो."

"मी फेकला असता."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही यायच्या आधी चूल बाहेर आणली."

त्यांनी हात पुढं करून मनूच्या कपाळाला लावला. पहिल्यांदाच त्या हाताकडे बघताना मला तो बापाचा हात की दलालाचा असा प्रश्न पडला नाही. ती त्यांचं बोट तोंडात धरून चावायला लागली. दुसऱ्या दिवशी तिचा दात वर आला. तरीही मी पुढचा अख्खा पंधरवडा तिच्या काखा चाचपत होते.

माळावर न येता गावातच मागं राहिला तो एकटा मुंजाजी म्हातारा. "मला कोन नेतंय," असं म्हणत ओसरीवर बसून राहिला. तापानं गेला. गाठ होती की नव्हती यावर माळावर भांडणं झाली. ज्यांना झोपडीत थंडी वाजत होती ते म्हणत, 'गाठ नव्हती', ज्यांची लेकरं लहान होती ते म्हणत, 'होती'. आमच्यात कुणाला काही झालं नाही. त्यामुळे मी गाव वाचवलं असं काही बायका म्हणत, आणि काही जणी मला बघून तोंड फिरवत. दोन्हीतलं काय खरं, ते त्या उंदराला ठाऊक.

शिमगा आला तरी लोक परत जाईनात. झोपड्यांना कुडं लागली, कुडांना लिंपण लागलं. माळ सटवाचा होता. तोच सटवा एके दिवशी ह्यांच्याकडे येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"बद्रीभाऊ, लोक इचारतायत जागेचं. कसं करावं?"

हे उठले ते मापाची दोरी घेऊनच. दोन दिवसांत त्यांची चाल बदलली, मुंडासं पुन्हा ताठ झालं. "उघडी हवा. खाली उंदराला बीळ करायला मुरूमच मुरूम. नवं गाव म्हणायचं याला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. चुना टाकून रस्ता आखला. मग माझ्याकडे आले.

"रस्त्याला लागून कोपऱ्याची जागा ठेवलीय आपल्याला. दोन वर्षांत बघ कसा भाव येतो तिला."

"मला दोन वर्षांची जागा नको."

"मग कुठली? झऱ्याजवळचं ते घर आता..." ते थांबले. ते घर गावात होतं.

मी मनूला कडेवर घेऊन चालायला लागले. मधोमध नको, दाटीत रोग आधी येतो. अगदी टोकाला नको, पलीकडच्या ओढ्यात लांडगे येत. मागच्याच महिन्यात म्हाळूचं कोकरू नेलं होतं. उंदरांची भीती जरा बसली तशी लांडग्यांची उठली होती. चालत चालत मी बायनाबाईच्या मेंढरांच्या वाड्यापाशी आले. तिची तीन कुत्री उठली, मला ओळखून पुन्हा बसली.

"इथं," मी म्हणाले.

हे नाकाला उपरणं लावून उभे राहिले. "इथं? मेंढरांचा वास, रातभर कुत्र्यांचं भुंकणं, पावसात लेंड्यांचा राडा. अगं, या जागेला जन्मात गिऱ्हाईक मिळणार नाही."

"म्हणूनच."

बायनाबाई लोकर पिंजत बसली होती. ती न बघताच म्हणाली, "या, या. कालेजबाई शेजारी आल्या तर माझी मेंढरं बी चार बुकं शिकत्याल."

ह्यांनी त्या जागेकडे वळून वळून बघितलं. कौतुक करण्यासारखं काहीतरी शोधत असावेत, सवयीनं. सापडलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचा हातोडा खाली घेतला आणि मला म्हणाले, "धर खुंटी."

मी मनूला खाली ठेवून खुंटी धरली. दोन ठोके बसले. मुरूम कडक होता, खुंटी नीट आत जाईना. तिसरा ठोका पडायच्या आत माझी मान वळली. मनकर्णा वाड्याच्या कडेला बसली होती आणि मुठीतलं काहीतरी काळं, गोल, मोठ्या निगुतीनं तोंडाकडे नेत होती.

मी खुंटी सोडून धावले.